वस्तादाचं नाव राहिलं

पुंजाजीकडून संत्री घ्यायची तर घाई असून चालत नसे. अमरावतीच्या इतवारा बाजारात गोणपाटावर ढीग लावून तो बसायचा आणि गिऱ्हाईक असो नसो, गात राहायचा. दोन संत्री या हातात, दोन त्या हातात, अशी चार-चारानं मोजून पिशवीत टाकी, गाणं चालूच. डझन भरलं तरी पिशवी देत नसे. आपण हात पुढे केला की ती मागे ओढून म्हणे, "थांबा जी. वस्तादाचं नाव राहिलं." मग शेवटचं कडवं पुरं व्हायचं, त्यातल्या नावापाशी त्याचा हात उजव्या कानाच्या पाळीला लागायचा, आणि त्यानंतरच आपली संत्री आपली. घाईची माणसं शेजारच्या ढिगाकडे वळत. पुंजाजी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नसे.

मी तेव्हा अमरावतीच्या एका हायस्कुलात नुकताच लागलेला मराठीचा मास्तर. आमचा वऱ्हाड त्या काळी मध्यप्रांताच्या शेपटीला बांधलेला. सरकारी हुकूम नागपूरहून यायचे आणि शुद्ध मराठीचे पुण्याहून. या दुसऱ्या हुकमांच्या अंमलबजावणीचं काम मला कोणी दिलं नव्हतं, ते मी आपण होऊन घेतलं होतं. त्या दिवशी बाजारात पुंजाजी गात होता:

"कोन्या डोंगरचं पानी, कोन्या पाटानं आलं,
कोन्या मुळाशी गेलं, कोन्या फळात गोड झालं..."

मी म्हणालो, "अहो, पानी नव्हे, पाणी. आणि कोन्या काय? कोणत्या."

त्यानं गाणं थांबवलं नाही. कडवी संपवली, नाव घेतलं, कानाची पाळी सोडली आणि मग मला नीट न्याहाळलं. "मास्तर दिसता."

"हो."

"तुमचं पाणी शुद्ध असन जी. आमचं वल्लं हाये."

शेजारची वांगी विकणारी बाई पदर तोंडाला लावून हसली. मी संत्री न घेताच निघालो. मागून त्याची हाक आली, "मास्तर, रागात संत्रं खाल्लं तं आंबट लागते. उद्या या!"

मी दुसऱ्या दिवशी गेलो आणि पुढे प्रत्येक हंगामात जात राहिलो. ते माझं शहाणपण होतं की मूर्खपणा, हे सगळं वाचून झाल्यावर तुम्हीच ठरवा. माझं ठरलेलं आहे.

पुंजाजी मोर्शीकडचा माळी. गावाला लहानशी बाग, आणि हंगामात माल घेऊन अमरावतीत मुक्काम. अंगानं काठी, गालफडं वर आलेली, पुढचे दोन दात असे की तोंड मिटलं तरी ते हजर. स्वतःच्या रूपाबद्दल तो म्हणे, "देवानं मले घडवलं तवा त्याचं ध्यान दुसरीकडे होतं. गळा देतानी मात्र ध्यानावर आला." त्या गळ्याची ओळख मला पुरती पटली ती बहिरमच्या जत्रेत. तिथे दुपारच्या वेळी कलगी-तुऱ्याचा सामना होता. एका पक्षानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातूनच जबाब द्यायचा. डफ, तुणतुणं आणि अक्कल, एवढंच भांडवल. चुलीवरच्या हंड्यांचा धूर, रोडग्यांचा वास, पाळण्यांची कुरकुर आणि या सगळ्याच्या वरून पुंजाजीचा आवाज. समोरच्या पक्षाचा शाहीर चांगला गळेबाज होता, पण पुंजाजीनं "कोन्या डोंगरचं पानी" टाकलं तेव्हा त्याला घाम फुटला. तीन कडवी नुसते सवाल. जबाब कोणालाच येईना. मग पुंजाजीनं चौथं कडवं उचललं. त्यात जबाब होता आणि त्या जबाबातच वस्तादाचं नाव होतं. नाव आलं तसे त्याच्या आखाड्याचे सगळे गडी खाली वाकून मातीला हात लावते झाले. डफ थांबला. 

ज्याचं नाव घेतलं तो म्हातारा पालाच्या खांबाला टेकून बसला होता. कादरमियाँ. एलिचपूरचा रंगरेज. साड्यांना, पागोट्यांना रंग देऊन देऊन हाताची नखं कायमची निळी झालेली. दृष्टी जवळजवळ गेलेली. मी ओळख करून घेतली आणि माझ्या शुद्ध मराठीत विचारलं, "वस्ताद, प्रत्येक गाण्यात स्वतःचं नाव घालण्याची ही काय हौस?"

म्हातारा हसला. "मास्तर, माह्या नावात काय ठेवलं? माह्या गान्यात माह्या वस्तादाचं नाव हाय, त्याच्यात त्याच्या वस्तादाचं. ये नाम नही, पायवाट है. बीच मे एकानं खोदून टाकली, तो पीछेवाले सब गुम."

आखाड्याचा नियम मला तिथेच कळला. वस्ताद प्रत्येक शागिर्दाला एक गाणं सोपवतो. ते आखाड्यातल्या दुसऱ्या कोणी म्हणायचं नाही. आणि कोणतंही गाणं नाव न घेता सोडायचं नाही. गणपत नावाच्या एका गड्यानं कुठल्याशा लग्नात पंगतीची हाक आली म्हणून शेवटचं कडवं गाळलं होतं. कादरमियाँनी त्याचा डफ काढून घेतला आणि घरात भिंतीकडे तोंड करून टांगला. डफ नसलेल्यानं वस्तादासमोर सोडून कुठेही नाव घ्यायचं नाही, म्हणजे गाणंच बंद. दोन महिन्यांनी गणपत एलिचपूरला गेला, वस्तादाच्या उंबऱ्यात उभं राहून राहिलेलं कडवं म्हणाला, तेव्हा डफ परत मिळाला. ज्यानं डफ उतरवून घेतला त्यानंच द्यायचा. दुसऱ्या कोणाला तो अधिकार नाही. मला हे फार मौजेचं वाटलं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये सांगण्यासाठी मी ते वहीत टिपूनही ठेवलं. टिपून ठेवलेलं माणसाला कळलेलं असतं, असा माझा तेव्हा समज होता.

आता माझ्या कर्तबगारीकडे येतो.

बोलपट नवे होते. पडद्यावरची माणसं बोलतात, गातात, याचं लोकांना वेड लागलं होतं, आणि मला त्याहून मोठं: आपलं नाव त्या पडद्यावर यावं. मी कविता करत असे. त्या छापून येत नसत. साभार मात्र नियमानं येत. पुण्याकडच्या एका बोलपट कंपनीत माझा कॉलेजातला सोबती कामाला होता. त्यानं लिहिलं, जत्रेच्या एका प्रसंगासाठी अस्सल गावरान गाणारा हवा आहे. मी पुंजाजीबद्दल सात पानांचं पत्र धाडलं. त्यातली चार पानं माझ्याबद्दल होती.

पुंजाजी आधी तयार नव्हता. "मले कोन पायते जी? दात पाहून पोरंसोरं भेतीन."

मी म्हणालो, "अरे, एकदा गाशील आणि हिंदुस्थानभर ऐकतील. वस्तादांचं नाव एलिचपूरच्या बाहेर जाईल."

त्यावर तो म्हणाला, "वस्तादाची नजर गेली. पन कान शाबूत हायेत. थेटरात बसून त्याइनं आपलं नाव आयकलं तं..." वाक्य त्यानं पुरं केलं नाही. संत्र्यांच्या ढिगावरचं पाणी निरपत बसला. बोलपटात जायचं त्याचं कारण एवढंच होतं, आणि ते मला नीट ठाऊक होतं. हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे मी ते ठाऊक नसल्याचं सोंग पुष्कळदा केलं.

शाळेच्या सुट्टीत आम्ही दोघं गेलो. तो गायला आणि मी, म्हणे, दुभाष्या. स्टुडिओत पुंजाजीनं डफ छेडला आणि तिथले सुतार, दिवेवाले हातातलं काम सोडून गोळा झाले. डायरेक्टर खूश. पण चार कडवी संपल्यावर त्यानं घड्याळ पाहिलं. "मास्तर, हे तीन मिनिटांत बसलं पाहिजे. याची तबकडी काढायची आहे. तबकडीची एक बाजू किती, ते काही माझ्या हातात नाही."

दुभाष्यानं काय करावं? निरोप पोचवावा. मी सल्ला दिला. म्हणालो, "शेवटचं कडवं काढून टाका. त्यात नुसतं नाव आहे."

लोक पुढे म्हणाले की नाव मुसलमानाचं म्हणून मी ते कापलं. तसं असतं तर निदान कापणाऱ्याला काही मत होतं म्हणता आलं असतं. मी घड्याळ पाहून कापलं.

पुंजाजीला समजावणं माझ्याकडे आलं. तो डफ मांडीवर घेऊन बसला होता. म्हणाला, "मास्तर, नाव घेतल्याबिगर मी गानं सोडत नाई. तुमाले मालूम हाये."

"अरे, नाव येणार आहे! गाण्यात नाही, गाण्याच्या आधी. खेळ सुरू होण्याआधी पडद्यावर पाट्या येतात. कोणी काय केलं ते लिहिलेलं असतं. तिथे कादरमियाँचं नाव येईल, हातभर अक्षरात."

"सगळ्याइच्या आधी?"

"सगळ्यांच्या आधी."

तो विचारात पडला. अक्षरओळख त्याला नव्हती, त्यामुळे अक्षरांबद्दल आदर फार. "शेवटी घेतलं काय अन् पयले घेतलं काय, नाव तं घेतलंच म्हना," असं पुटपुटत त्यानं मान हलवली. मग माझ्याकडे बोट करून म्हणाला, "तुमच्या जबानीवर गाऊन राहिलो बरं, मास्तर."

गाणं उत्तम निघालं. तिसऱ्या कडव्याच्या शेवटी त्याचा हात सवयीनं कानाकडे निघाला होता, तो त्यानं वाटेतच थांबवला आणि डफावर आणला. फिल्मवर तेही आलं आहे. नीट पाहिलं तर दिसतं.

संध्याकाळी कंपनीच्या कारकुनानं कागद पुढे केला. "पदाचे कवी कोण? त्यांची सही लागेल."

"कादरमियाँ. एलिचपूरला असतात."

"मग आणा सही. नाहीतर पद काढावं लागेल. उद्या सेट मोडतोय."

एलिचपूर तिथून दीड दिवसाच्या वाटेवर. मी कागद घेतला आणि माझी सही ठोकली. तात्पुरती, असं मनाशी म्हणालो. मागाहून पत्र लिहून दुरुस्ती करू. त्या सहीचं मला अजून आठवतं. एरवी माझी सही वाकडी येते. त्या दिवशी फार देखणी आली.

पत्र मी लिहिलं नाही. का नाही लिहिलं, याची कारणं मी पुष्कळ वर्षं जमवली. तपासणीचे पेपर होते, साहेबाची शाळाभेट होती, घरात आजारपण होतं. सगळी कारणं खरी आहेत. त्यांतलं एकही कारण नाही.

बोलपट आमच्याकडे पहिल्यांदा अकोल्यात लागला. पुंजाजी एलिचपूरला जाऊन वस्तादांना घेऊन आला. अरुंद रुळांच्या लहान गाडीनं मुर्तिजापूरपर्यंत आणि तिथे बदलून अकोल्याला. वैशाखातलं ऊन, आणि म्हाताऱ्याच्या डोक्यावर ओला पंचा. पुंजाजीनं नवं धोतर नेसलं होतं. डफ शेल्यात गुंडाळून काखेत. "हा कायले आणला रे?" मी विचारलं.

"खेळ सुटल्यावर वस्तादाच्या पायावर ठेवीन जी. त्याइचाच हाये."

तीनचा खेळ. पत्र्याचं थेटर भट्टीसारखं तापलेलं. मी मधे बसलो, एका बाजूला वस्ताद, दुसऱ्या बाजूला पुंजाजी. एकाला दिसत नव्हतं, दुसऱ्याला वाचता येत नव्हतं. अशा दोघांच्या मधे बसायला मिळणं, हे माझ्यासारख्याचं नशीबच. मी मनात ठरवलं होतं, पाट्या आल्या की "आलं हो, आलं वस्तादांचं नाव" असं हळूच म्हणायचं आणि वेळ मारून न्यायची.

पण त्या काळची एक रीत मी विसरलो होतो. थेटरात जो शिकलेला असे तो पडद्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाची, न शिकलेल्यांसाठी. त्याला कोणी सांगावं लागत नसे. तो आपला मान समजे. आमच्या मागच्या बाकावर कापसाच्या जिनिंगमधला कोणी कारकून होता. चांगला खणखणीत आवाज. त्यानं एकेक पाटी वाचायला सुरुवात केली. छायालेखन अमुक. संगीत तमुक. आणि मग, "पदरचना," असं म्हणून त्यानं माझं नाव वाचलं. माझं, वडिलांचं, आडनाव, पुढे बी. ए. सुद्धा.

त्या अंधारातही माझी छाती फुगली. खोटं कशाला सांगू? आधी छाती फुगली, मग शेजारी कोण बसलंय ते आठवलं. हाच क्रम होता.

पुंजाजी कानाशी येऊन म्हणाला, "मास्तर, हे तं तुमचं नाव हाये."

"अजून पाट्या आहेत," मी म्हणालो.

पाट्या संपल्या. बोलपट सुरू झाला. यथावकाश जत्रा आली, पुंजाजी पडद्यावर आला, आणि थेटरभर शिट्ट्या पडल्या. गाणं सुरू होताच वस्ताद ताठ बसले. एक कडवं. दुसरं. तिसऱ्याला त्यांची निळी नखं गुडघ्यावर ताल धरू लागली. शेजारी पुंजाजीचा श्वास मला ऐकू येत होता. तिसरं कडवं संपलं, आता नाव येणार म्हणून म्हाताऱ्यानं, त्या नावामागच्या आपल्या वस्तादासाठी, हात मातीला लावायला खाली नेला, आणि पडद्यावर नायक घोडा उडवत आला.

त्यांचा हात तसाच खाली राहिला. थोड्या वेळानं त्यांनी मला विचारलं, "मास्तर, रीळ तुटली क्या?"

रिळं तेव्हा तुटत. "नाही," मी म्हणालो. नाही म्हणायला मला तेवढा एकच खरा शब्द सापडला.

म्हातारा खेळ संपेपर्यंत बसून होता. शेवटी तरी येईल, असं त्याला वाटत असावं.

बाहेर लिंबाच्या सावलीत पुंजाजीनं शेला सोडून डफ त्यांच्या पायावर ठेवला. वस्तादांनी तो उचलला, कातड्यावरून बोटं फिरवली. आवाज अजिबात चढवला नाही. "बेटा, अच्छा गाया. लेकिन किसका है ये गाना?"

पुंजाजीनं माझ्याकडे पाहिलं. बोट दाखवलं नाही, नुसतं पाहिलं. मी एकच वाक्य बोलायला हवं होतं: वस्ताद, मी याला फसवलं. चार शब्द. व्याकरणात कुठेही अडचण नसलेले.

मी म्हणालो, "ऊन फार आहे, सोडा घेऊन येतो," आणि गेलो. सोड्याच्या गाडीवर गर्दी नव्हती. मीच दुसऱ्यांना पुढे जाऊ दिलं. तीन बाटल्या घेऊन परत आलो तेव्हा वस्ताद टांग्यात बसले होते आणि डफ त्यांच्या मांडीवर होता. पुंजाजीनं स्वतःच्या बचावासाठी एक अक्षर काढलं नव्हतं, हे मला टांगेवाल्याकडून कळलं. वस्तादांना गाडीत बसवून देऊन तो परत आला. मी अजून बाटल्या धरूनच उभा होतो. त्यानं एक घेतली, प्यायला आणि म्हणाला, "बाटली थंडी हाये, मास्तर." त्याखेरीज त्या दिवशी काही नाही.

त्यानंतर पुंजाजी बाजारात गायचा थांबला. संत्री चारानं मोजायचा, पिशवी लगेच हातात द्यायचा. वांगीवाली बाई मला म्हणाली, "काहून जी मास्तर, काय करून आनलं आमच्या मानसाले?" मी तिच्याकडून वांगी घेणं सोडलं.

इकडे कंपनीचं पत्र आलं. गाण्यासाठी नाही. पडद्यावर त्याचे ते दात आणि ती गालफडं लोकांना पसंत पडली होती. डायरेक्टरला त्याच्यात विनोदी नोकर सापडला. पुंजाजी गेला. गेला आणि चालला. धन्यानं काही विचारलं की डोळे वटारून, दात पुढे काढून म्हणायचं, "मले काय मालूम!" की थेटर कोसळायचं. पुढच्या बोलपटात तेच वाक्य, त्याच्या पुढच्यात तेच दोनदा. मुंबईपुण्याचे लोक आमच्या बोलीला हसले, त्याचं एवढं नाही. अमरावतीचे लोकही हसले. माझ्या वर्गात प्रश्न विचारला की मागच्या बाकावरून उत्तर येई, "मले काय मालूम!" आणि माझ्यासकट सगळा वर्ग हसे. गाण्याची वेळ आली की पुंजाजी नुसते ओठ हलवी. मागून दुसरा गाई.

मधे दोन-तीन वर्षं गेली. एकदा तो मला बडनेऱ्याच्या स्टेशनवर भेटला. कोट, टोपी, पायात बूट. भोवती ही गर्दी. कोणीतरी ओरडलं, "पुंजाजी, होऊन जाऊ द्या!" त्यानं डोळे वटारले, दात काढले, वाक्य म्हणाला. टाळ्या पडल्या. मग मला पाहून तो बाजूला आला आणि चेहरा असा उतरला की दिवा काढून नेल्यासारखा.

मी म्हणालो, "पुंजाजी, एलिचपूरला जाऊन ये ना. गणपत गेला होता तसा. उंबऱ्यात उभं राहून कडवं म्हण. देतील डफ."

तो हसला. "गनपतनं एक डाव सोडलं, एक डाव पुरं केलं. फिटलं. माहं कसं फिटन, मास्तर? मी तिथिसा जाऊन पुरं करतो, अन् त्याच टायमाले नागपुरात, जळगावात, सोलापुरात तो पडद्यावरचा मी अर्ध्यातच सोडून राहिला. रोज दोन खेळ. कितीकडे धावू?"

 मी म्हणालो, "मग मी जातो. मी सांगतो वस्तादांना की दोष माझा. मी फसवलं तुला."

त्यानं माझा दंड धरला. इतकी वर्षं तो याच वाक्याची वाट पाहत होता, हे त्याच्या पकडीवरून मला कळलं. "खरंच जासान?"

"खरंच."

"मंग मले चिठ्ठी टाकजा. मी कोनाकडून वाचून घेईन. वस्तादाले समजलं का मी सोडलं नव्हतं, तर डफ नाई भेटला तरी चालते."

गाडी आली, तो चढला. मी त्या रविवारी जाणार होतो. मग पुढच्या. मग परीक्षा आल्या, मग धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं, मग पाऊस. एका सकाळी शाळेत एलिचपूरकडचा एक मास्तर सहज म्हणाला, "आमच्याकडचा तो म्हातारा शाहीर गेला हो, कादर रंगरेज." मी विचारलं, "कधी?" तो म्हणाला, "झाले की आठ-पंधरा दिवस." मी फळ्यावर अलंकाराचे प्रकार लिहीत होतो. सगळे लिहून काढले.

पुंजाजीला चिठ्ठी टाकली नाही. त्याला बातमी दुसरीकडून कळली. त्यानं मला कधीच विचारलं नाही, आणि न विचारणं हे त्याचं सभ्यपण, की शिक्षा, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही.

बोलपटातलं ते वाक्य काही काळानं लोकांना शिळं झालं. कंपनीला दुसरे दात सापडले. पुंजाजी मोर्शीकडे परतला तो खोकला घेऊनच. निरोप आला तेव्हा मात्र मी त्याच दिवशी गेलो. या खेपेला उशीर करायला धीर झाला नाही. सकाळची वेळ होती. बागेत बाजेवर तो पडला होता. पाटाला पाणी सोडलेलं. त्याची बायको तुळसाबाई उशाशी बसली होती. तिनं माझ्यासाठी चटई टाकली, पण "या" म्हणाली नाही.

"मास्तर," पुंजाजी म्हणाला, "एक काम हाये तुमच्याजोगतं."

आणि त्यानं गायला सुरुवात केली. आवाज काय उरला होता! पण "कोन्या डोंगरचं पानी" म्हणताना पाटाच्या पाण्याकडे त्यानं हात केला आणि मला बहिरमची दुपार आठवली. खोकत, थांबत, त्यानं तीन कडवी म्हटली. तिसऱ्याच्या शेवटी थांबला.

"आता चौथं तुमी म्हना."

"मी?"

"मले मनाई हाये. डफ उतरवला वस्तादानं, तो आता कोन देईन? पन तुमाले कोनी मनाई केली नाई. तुमी म्हना, मी आयकतो. नाव कानावर पडलं का झालं."

मी तोंड उघडलं. काहीच येईना. बाजारात ते कडवं माझ्यासमोर शंभरदा झालं असेल. पिशवीसाठी हात पुढे करून मी उभा असे. स्टुडिओत ते घड्याळ लावून मोजलं होतं. पण ऐकलं कधी नव्हतं. प्रत्येक वेळी ते संपायची वाट पाहिली होती. तीन कडव्यांचा सवाल मला तोंडपाठ होता, तबकडीवर होता ना! जबाबातला एक शब्दही येत नव्हता.

"आठवत नाही रे," मी म्हणालो. "नुसतं कादर... कादर..."

"नुसतं नाव घेतलं तं ते नाव नसते, मास्तर. कडव्यात पाह्यजे." त्यानं डोळे वटारले, ते दोन दात पुढे काढले आणि पडद्यावरच्यासारखा म्हणाला, "मले काय मालूम!"

मला हसू आलं नाही. तुळसाबाईनं तोंड फिरवलं. तोही हसत नव्हता.

चौथ्या दिवशी तो गेला. मी आखाड्यातल्या लोकांकडे जाऊन ते कडवं मागितलं. गणपत म्हणाला, "ते पुंजाजीले सोपवलेलं व्हतं. त्याच्यासंगं गेलं." मग माझ्या हातातल्या वही-पेन्सिलीकडे पाहून म्हणाला, "आता कायले लिहून घेता जी?"

परवा इतवाऱ्यात गेलो होतो. कोपऱ्यावरच्या हॉटेलात ग्रामोफोनवर ती तबकडी लावलेली होती. मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उभा राहिलो. तीन कडवी झाली. सुई नुसतीच घासत राहिली, मालकानं ती उचलली, तरी मी उभाच. त्यानं गल्ल्यावरून विचारलं, "काय गुरुजी, काई पाह्यजे का?"

"नाही," मी म्हणालो. "नाव राहिलं."

"राहिलं कुठी?" तबकडी पुसून त्यानं ती माझ्यापुढे धरली आणि वरच्या गोल कागदावर बोट ठेवलं. "हे काय, तुमचंच तं हाये."